बालगुन्हेगारीचे समाजशास्त्रीय स्पष्टीकरण कसे लिहावे

बालगुन्हेगारीवर लिहायला बसलेला विद्यार्थी बहुधा सिद्धांतांची यादी हाताशी घेतो, दुर्खीमपासून बेकरपर्यंत एकेकाला एकेक परिच्छेद देतो आणि शेवटी ‘सर्वच सिद्धांतांत थोडेफार तथ्य आहे’ असे म्हणून मोकळा होतो. अशा लेखनातून कशाचेच स्पष्टीकरण मिळत नाही, कारण हे सिद्धांत बऱ्याच अंशी वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. म्हणून आधी आपला प्रश्न एका वाक्यात लिहून काढावा. काही वस्त्यांमध्ये गुन्ह्यांचे प्रमाण सातत्याने जास्त का, हा एक प्रश्न झाला. एकाच वस्तीतला एक मुलगा गुन्ह्याकडे वळतो आणि दुसरा वळत नाही असे का, हा दुसरा. आणि कोणाचे कोणते वर्तन गुन्हा ठरते व ते कोण ठरवते, हा तिसरा. गुन्हा ही प्रत्येक समाजात आढळणारी, म्हणून सामान्य घटना आहे, हे दुर्खीमचे 1895 मधील प्रतिपादन या सगळ्यांच्या मुळाशी आहे. प्रस्तावनेत त्याला दोन ओळी पुरतात.

प्रश्न वस्तीचा असेल तर शॉ आणि मॅके यांच्यापासून सुरुवात करावी. शिकागो शहरातील बालन्यायालयाच्या नोंदी नकाशावर मांडून त्यांनी 1942 मध्ये दाखवून दिले की, स्थलांतरितांचा एक समूह जाऊन दुसरा आला तरी काही ठरावीक भागांतील बालगुन्हेगारीचे प्रमाण चढेच राहिले. माणसे बदलली आणि प्रमाण बदलले नाही, तेव्हा कारण माणसांच्या वंशात शोधणे व्यर्थ ठरते. ते गरिबी, सततची ये-जा आणि शेजाऱ्यांमधील सैल संबंध यांत शोधावे लागते. येथे दोन पथ्ये पाळावीत. वस्तीच्या आकडेवारीवरून त्या वस्तीतील एखाद्या मुलाविषयी अनुमान काढू नये; तिथलीही कितीतरी मुले न्यायालयाची पायरी कधीच चढत नाहीत. शिवाय न्यायालयीन नोंद मुलांच्या वर्तनाबरोबरच पोलिसांच्या वर्तनाचीही नोंद असते, हे लक्षात ठेवावे.

प्रश्न मुलाचा असेल तर ‘गुन्हा’ हा मोघम शब्द बाजूला ठेवून नेमकी कृती पाहावी. समजा, काही मुलांनी रात्री शाळेच्या खिडक्या फोडल्या, वह्या फाडून टाकल्या आणि काहीही न चोरता ती निघून गेली. दुसऱ्या प्रसंगी एका मुलाने दुचाकीचे सुटे भाग काढून विकले. मर्टनचा 1938 मधील सिद्धांत असा की, समाज सर्वांपुढे यशाचे एकच ध्येय ठेवतो, पण ते गाठण्याची वैध साधने सर्वांना सारखी देत नाही. या ताणातून काही जण अवैध मार्ग काढतात. सुट्या भागांच्या चोरीला हे स्पष्टीकरण चपखल बसते. फोडलेल्या खिडक्यांना बसत नाही, कारण त्यातून पदरात काहीच पडलेले नाही. तिथे अल्बर्ट कोहेन (1955) उपयोगी पडतो: शाळा मध्यमवर्गीय मोजपट्टीने मुलांना मोजते, त्या मापात न बसलेली मुले ती मोजपट्टीच उलटी करतात आणि शाळेने निषिद्ध मानलेल्या गोष्टीतच आपापसांत प्रतिष्ठा मिळवतात.

चोरीच्या प्रसंगात मात्र मर्टनवर थांबणे घाईचे ठरेल. क्लोवर्ड आणि ओहलिन यांनी 1960 मध्ये दाखवल्याप्रमाणे अवैध संधीही सर्वांना सारख्या मिळत नाहीत. त्यामुळे ते भाग विकत कोणी घेतले, हा प्रश्न विचारावाच. घेणारा नसेल तर धंदा उभा राहत नाही. भाग कसे काढायचे हे कोणी शिकवले, असे विचारले की आपण सदरलँडकडे येतो. त्याच्या मते गुन्हा जवळच्या माणसांच्या सहवासात शिकला जातो, आणि त्यात कसबाबरोबर समर्थनेही येतात. ही समर्थने साइक्स आणि माट्झा यांनी 1957 मध्ये उलगडली. म्हणून मुलाशी बोलताना त्याची वाक्ये जशीच्या तशी टिपावीत. ‘त्यांच्याकडे भरपूर आहे, त्यांचे काय बिघडले?’ हे हानी नाकारणे झाले, तर ‘मित्रांना एकटे कसे सोडणार?’ हे निष्ठेचा आधार घेणे झाले. आपल्या शब्दांत सारांश लिहिला की हा पुरावा हातचा जातो.

हिर्शीने 1969 मध्ये प्रश्नच फिरवला: बहुसंख्य मुले गुन्हा का करत नाहीत? आईवडील व शिक्षक यांच्याविषयीची ओढ, भविष्यात गुंतवलेले काही, कामात गेलेला वेळ आणि नियमांवरचा विश्वास हे चार बंध त्याने सांगितले. अभ्यासकांना हा सिद्धांत सोयीचा वाटतो आणि तिथेच फसगत होते. शाळेवरून मन उडाले म्हणून मुलगा गुन्ह्याकडे वळला, की गुन्ह्यात अडकल्यामुळे शाळा सुटली, हे एकदाच केलेल्या पाहणीतून कळत नाही; घटनांचा क्रम तारखांसह मांडावाच लागतो. त्याच क्रमात पुढचाही काळ यावा. किशोरवयात वाढलेले गुन्हे बहुतेकांच्या बाबतीत प्रौढपणी ओसरतात. सॅम्पसन आणि लाउब (1993) यांनी स्थिर नोकरी व चांगला विवाह यांचा त्यात वाटा असल्याचे दाखवले.

तिसऱ्या प्रश्नासाठी चॅम्ब्लिसचा 1973 मधील अभ्यास मला सर्वांत बोलका वाटतो. एकाच शाळेतील दोन टोळक्यांचे त्याने निरीक्षण केले. चांगल्या घरच्या 8 मुलांचे उपद्व्याप कमी नव्हते, पण त्यांच्याकडे मोटारी होत्या, ती गावाबाहेर जाऊन गोंधळ घालत आणि पकडले गेल्यावर अदबीने बोलत. त्यांच्यापैकी कोणालाही अटक झाली नाही. गरीब घरच्या 6 मुलांचा वावर भर रस्त्यात, सर्वांच्या डोळ्यांसमोर होता आणि गावाने त्यांच्यावर वाया गेल्याचा शिक्का मारला. लेमर्ट (1951) व बेकर (1963) यांचा लेबलिंगचा विचार शिक्का बसल्यावर मुलाची स्वतःविषयीची कल्पना आणि पुढची वाट कशी बदलते, ते सांगतो. पहिली खिडकी का फुटली हे तो सांगत नाही, आणि त्याच्याकडून ते वदवूनही घेऊ नये.

मसुदा पूर्ण झाल्यावर शेवटी एक वाक्य जोडावे: कोणती गोष्ट आढळली तर आपले स्पष्टीकरण मागे घ्यावे लागेल? सुट्या भागांच्या प्रसंगात, पैशांची चणचण नसलेल्या घरातील मुलगाही त्याच टोळीत तितकाच सक्रिय निघाला, तर मर्टनचा परिच्छेद खोडून सदरलँडचा वाढवावा लागेल.