वारशात आलेली संकल्पना कशी वाचावी

फोंड्याजवळचा कवळे मठ अद्वैताचा, काणकोणातला पर्तगाळी मठ मध्वाचार्यांच्या द्वैताचा. आम्हा गोंयच्या सारस्वतांच्या सोयरिकी दोन्हीकडे, आणि उपनिषदं दोघांचीही तीच. मग निष्कर्ष इतके वेगळे कसे? आमच्या देवळाच्या अग्रशाळेत (आवारातल्या धर्मशाळेत) वाचनाला नव्याने येणाऱ्याला मी जी वाट दाखवते, ती अशी.

एकच संकल्पना धरा. समजा, सत्याच्या दोन पातळ्या: रोजच्या व्यवहाराची आणि अंतिम. आधी आक्षेप घेणारा शोधा. बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाच्या मूलमध्यमककारिका या ग्रंथाचं २४वं प्रकरण उघडलंत, तर पहिले सहा श्लोक प्रतिपक्षाचेच आहेत: सगळं शून्य, म्हणजे स्वतःचं स्वतंत्र सत्त्व नसलेलं, असेल तर बुद्धाची चार आर्यसत्यंही गेली! आठव्या श्लोकातली दोन सत्यं याच पेचावरचं उत्तर आहे. पूर्वपक्ष, म्हणजे हा आक्षेप, मोठ्याने वाचा, तो खरा वाटेपर्यंत पुढे जाऊ नका.

मग शंकराचार्यांकडे या. ब्रह्मच सत्य, तर वेद, कर्म, उपासना कशाला? पेच तसाच, म्हणून व्यावहारिक आणि पारमार्थिक हा भेद कामी येतो. पण नागार्जुनाच्या पातळ्यांखाली कोणतंही अंतिम तत्त्व नाही, इथे ब्रह्म आहे. शंकराचार्य 'प्रच्छन्न बौद्ध', म्हणजे छुपे बौद्ध, या जुन्या आरोपात वेळ घालवू नका. कोणी कोणाचं घेतलं यापेक्षा घेतलेल्याचं पुढे काय केलं, ते पाहा.

मध्वाचार्य पातळ्याच नाकारतात. भक्त खोटा ठरला तर भक्ती कोणाची? ते तत्त्वाची वाटणी स्वतंत्र आणि अस्वतंत्र अशी करतात: विष्णू स्वतंत्र, बाकी सगळं त्याच्यावर अवलंबून, पण खरं.

आपल्या भाषेतला, ज्ञानदेवांचा अमृतानुभव मात्र सावकाश वाचा. सातव्या, अज्ञानखंडनाच्या प्रकरणात ज्ञानदेव अद्वैताच्याच घरात राहून अज्ञानाचा ठावठिकाणा विचारतात. आत्मा ज्ञानरूप, तिथे अज्ञान राहील कसं? आणि त्याने आत्म्यालाच झाकलं, तर ते आहे हे जाणलं कोणी? अज्ञान गेलं की जगाला भ्रम म्हणायची गरज उरत नाही; ते चैतन्याचाच विलास होतं. इतक्या निर्भयपणे आपल्याच परंपरेला प्रश्न विचारणं मला आजही थक्क करतं. लगेच आठवं प्रकरण घ्या: तिथे ते ज्ञानाचंही खंडन करतात.

प्रत्येकापाशी वहीत दोनच गोष्टी टिपा: त्याला काय वाचवायचं होतं, आणि त्यासाठी त्याने काय सोडलं.

हे जमलं की प्रतिबिंबाचा दृष्टांत घ्या. 'आभास एव च' ('आणि केवळ आभासच') या ब्रह्मसूत्रावरची शंकराचार्य आणि मध्वाचार्य या दोन्ही आचार्यांची भाष्यं शेजारी ठेवा. जीव प्रतिबिंब आहे, हे दोघेही म्हणतात.