उताराच्या रोलर कन्व्हेयरसाठी स्वस्त चुंबकी ब्रेक : हिशेब, बांधणी आणि सेटिंग

ग्रॅव्हिटी रोलर कन्व्हेयरचा उतार कमी ठेवला की हलके क्रेट मध्येच अडतात, वाढवला की जड क्रेट खालच्या स्टॉपरवर आदळतात. काही रोलरना एडी करंट ब्रेक (चुंबकाने चालणारा, न घासणारा ब्रेक) लावला तर उतार हलक्या मालाच्या हिशेबाने देता येतो आणि जड मालाचा वेगही आवरता येतो. याला वीज लागत नाही आणि झिजणारे लायनरही नसते. बाजारात मिळणाऱ्या ब्रेक रोलरच्या नळीत बहुधा गिअर असतो, आणि खर्च मुख्यतः त्याचाच. पंचवीस किलोपर्यंतच्या क्रेटसाठी गिअर टाळता येतो, मात्र चकती रोलरच्या आत न बसवता फ्रेमबाहेर काढावी लागते.

चुंबकांच्या फटीतून अ‍ॅल्युमिनियमची चकती फिरली की तिच्यात भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह (एडी करंट) निर्माण होतात आणि ते चकतीला उलट दिशेने ओढतात. ही ओढ वेगाच्या प्रमाणात असते. चकती थांबली की ओढ शून्य. म्हणजे हा ब्रेक माल धरून ठेवत नाही, फक्त त्याचा वेग बांधतो. खालचा स्टॉपर काढून टाकायचा विचार करू नका, आणि रांगेत साचलेल्या क्रेटचा दाब ब्रेक घेईल असेही धरू नका.

आधी आकडे काढू. ६०० × ४०० मिमीचा प्लास्टिक क्रेट, भरून २५ किलो. ५० मिमी व्यासाचे रोलर १०० मिमी अंतरावर. उतार ५ टक्के, म्हणजे मीटरला ५० मिमी. क्रेटचे वजन २४५ न्यूटन, त्याचा उताराच्या दिशेचा भाग सुमारे १२ न्यूटन. रोलरचा रोध कडक तळाच्या क्रेटला ३ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ७ न्यूटन. उरले ५ न्यूटन. वेग सेकंदाला ०.३ मीटर हवा असेल तर ५ भागिले ०.३, म्हणजे मीटर प्रतिसेकंदाला सुमारे १६ न्यूटन इतका ब्रेक रोलरच्या पृष्ठभागावर मिळायला हवा. रोधाचा आकडा पुस्तकातून उचलू नका. कन्व्हेयरचे एक टोक जॅकवर घ्या, क्रेटला हलका धक्का द्या. ज्या उतारावर तो न वाढत्या, न घटत्या वेगाने सरकत राहतो, तोच तुमचा रोध. मऊ तळाच्या पुठ्ठ्याच्या खोक्याला तो बराच जास्त येतो.

आता ब्रेक किती मिळतो ते पाहू. २० मिमी व्यास आणि १० मिमी जाडीच्या एन४२ ग्रेडच्या निओडिमियम चुंबकांची एक जोडी, मध्ये ५ मिमीची चकती, दोन्ही बाजूंना १-१ मिमी मोकळीक, चुंबकांमागे लोखंडी पट्टी. फटीत ०.५ टेस्ला क्षेत्र धरले तर शुद्ध अ‍ॅल्युमिनियमवर एका जोडीमागे मीटर प्रतिसेकंदाला साधारण ५ न्यूटन मिळतात. पण हा आकडा चकतीवरचा. चुंबकांची मध्यत्रिज्या ४० मिमी आणि रोलरची २५ असेल तर गुणोत्तर १.६. त्या ठिकाणी चकती १.६ पट वेगाने धावते आणि तिथल्या जोराला लीव्हरही १.६ पट मिळतो. रोलरवरचा परिणाम म्हणून गुणोत्तराच्या वर्गाने वाढतो : २.५६ पट. एका जोडीचे १३ न्यूटन झाले, दोन जोड्यांचे २६. गरज १६ची. उरलेले सेटिंगसाठी हाताशी ठेवा.

हा वर्ग लक्षात आला की पैसा कुठे घालायचा ते कळते. ब्रेक कमी पडला तर चुंबक वाढवण्याआधी त्रिज्या वाढवा. अ‍ॅल्युमिनियमऐवजी तांबे घेतले तर वाहकता दीडपटीहून थोडी जास्त मिळते, पण तेवढ्याच आकाराच्या चकतीला साधारण दहापट पैसे पडतात. फेराइट चुंबक स्वस्त दिसतात, पण त्यांचे क्षेत्र एक तृतीयांश आणि ब्रेक क्षेत्राच्या वर्गावर चालतो, म्हणजे त्याच आकारात जेमतेम दहावा हिस्सा.

अ‍ॅल्युमिनियम मागताना ग्रेड सांगा. दुकानात बहुतेकदा एचई३० हा मिश्रधातू पुढे करतात; ते मजबूत असते, पण वाहकता ११०० किंवा १०५० ग्रेडपेक्षा पाव ते एक तृतीयांश कमी. इथे ताकद नको, वाहकता हवी. स्टेनलेसची चकती जवळजवळ निरुपयोगी, आणि साध्या लोखंडाची तर चुंबकाकडे खेचली जाऊन शाफ्ट वाकडा करू पाहते. चकती ६ मिमीपेक्षा जाड घेण्यातही फारसा फायदा नाही, कारण जाडीसोबत फटही वाढते.

एका ब्रेकला लागणारे साहित्य : १२० मिमी व्यासाची ५ मिमी चकती, चुंबक ४, ६ × ४० × १०० मिमी एमएस (साध्या लोखंडाची) पट्टी २, २० मिमी शाफ्ट, यूसीएफएल २०४ बेअरिंग ब्लॉक २, आणि पीव्हीसी किंवा रबराची स्लीव्ह चढवलेला रोलर.

साध्या ग्रॅव्हिटी रोलरचा शाफ्ट स्थिर असतो, फक्त नळी फिरते. म्हणून ब्रेकच्या रोलरला एंड प्लेट वेल्ड करून शाफ्ट नळीशी पक्का करावा लागतो. वेल्डिंग आधी, चकतीच्या हबचे (तिला शाफ्टवर धरणाऱ्या मधल्या भागाचे) लेथवरचे काम नंतर. उलट केले तर चकती डगमगते. डायल गेज लावून चकतीच्या तोंडावरचा रनआउट (फिरताना होणारी डगमग) ०.३ मिमीच्या आत आणा.

स्लीव्हचे कारण असे : सहा रोलरवर क्रेट टेकला तर एका रोलरवर ४१ न्यूटन येतात, आणि गुळगुळीत प्लास्टिक-लोखंडाची पकड त्याच्या पाव हिस्सा धरली तर १० न्यूटनच. पाचाला ती पुरते, पण क्रेट वेगात आला किंवा तळाला तेल लागले की घसरतो आणि ब्रेक रोलर खाली नुसता फिरतो. २ मिमीची स्लीव्ह रोलरचा माथा २ मिमी वर आणते, म्हणून बेअरिंग दीड मिमी खाली बसवा. अर्धा मिमी वर राहिलेला बरा. खाली राहिला तर क्रेट त्याला टेकतच नाही.

चुंबक बसवताना समोरासमोरचे दोन एकमेकांना ओढणारे हवेत, आणि शेजारच्या जोडीची दिशा उलटी. दोन केंद्रांत ३० मिमी अंतर ठेवा. चुंबकाच्या कडेबाहेर, आत आणि बाहेर दोन्हीकडे, निदान १० मिमी धातू राहू द्या. प्रवाहाला परतीची वाट तीच. त्या पट्ट्यात भोके पाडू नका. पट्ट्यांची पावडर कोटिंग चुंबक चिकटवण्याआधी उरका, कारण भट्टीचे तापमान १८० अंशांच्या वर जाते आणि साध्या एन ग्रेडची मर्यादा ८० आहे. पृष्ठभाग घासून एपॉक्सी लावा. सुटे चुंबक हाताळताना मध्ये लाकडी फळी ठेवा. बोट सापडले तर फुटते. पेसमेकर असलेल्या माणसाला हे काम देऊ नका.

पट्ट्यांच्या जबड्याला फ्रेमवर खाच ठेवा, म्हणजे तो चकतीवरून बाहेर सरकवता येतो. फट वाढवून सेटिंग करण्यापेक्षा हे सोपे, कारण दोन्ही बाजूंची मोकळीक सारखी राहते.

ब्रेक रोलर दर ५०० मिमीला, म्हणजे क्रेटच्या लांबीपेक्षा कमी अंतरावर बसवा. मग सर्वांत जड क्रेट सोडा आणि मोबाइलवर स्लो मोशनमध्ये शेवटचे दोन मीटर टिपा. दोन्ही मीटरना सारखा वेळ लागला तर वेग स्थिरावला. नंतर सर्वांत हलका क्रेट सोडा. इथे वेग वजनाच्या प्रमाणात घटतो : ८ किलोचा क्रेट ०.१ मीटरच्या आसपास येतो, आणि नव्या बेअरिंगच्या ग्रीसमुळे कधी थांबतोही. तेव्हा ब्रेक सैल करण्याऐवजी उतार ६ टक्के करा आणि जबडा पूर्ण आत घ्या. जड क्रेटचा वेग तरीही ०.३च्या आत राहतो.

उष्णतेची काळजी या वजनाला नाही, ५ टक्के उताराला एका ब्रेकवर दीड वॅटही येत नाही. हजार किलोच्या पॅलेटला मात्र हीच रचना पुरत नाही : तिथे साडेतीनपट वेग वाढवणारी चेन, सहा जोड्या आणि ६० वॅटच्या आसपास उष्णता, असा हिशेब होतो. चकती ५० अंशांनी तापली की ब्रेक सहाव्या हिश्शाने उतरतो. अशा कामाला सेंट्रिफ्युगल ब्रेक रोलरच (वेग वाढला की आतले ब्रेक-शू बाहेर फेकले जाऊन घासतात तो) विकत घ्यावा.

काही महिन्यांनी खरखर ऐकू आली तर फटीत ग्राइंडिंगचा लोखंडी चुरा साचलेला असतो. तो कापडाने पुसला तर पसरतो. चिकटपट्टीने उचला आणि चकतीवर प्लास्टिकचे झाकण बसवा. तिची कड रोलरच्या माथ्याच्या साधारण ३५ मिमी वर येत असल्याने हातांच्या सुरक्षेसाठीही ते लागतेच.