तेस्तूरला जाताय? सुटे दिनार खिशात ठेवा

ट्युनिशियात हम्मामेत-सूसच्या किनाऱ्यावरच्या रिसॉर्टांचा कंटाळा आला, तर ट्युनिसहून ७५-८० किलोमीटरवरचं तेस्तूर गाठा. १७व्या शतकात स्पेनमधून हाकलल्या गेलेल्या मोरिस्कोंनी, म्हणजे सक्तीने ख्रिस्ती केलेल्या मुसलमानांनी, वसवलेलं गाव. म्हणून तर घरांवर स्पॅनिश धाटणीची कौलं दिसतात.

जायला ‘लुआज’ बघा, म्हणजे आपली वडाप. पांढऱ्या गाडीवर लाल पट्टा असेल तर ती लांब पल्ल्याची. आठ जण भरले की सुटते, वेळापत्रक नाही. त्यामुळे सकाळीच निघा आणि परतीची शेवटची गाडी कधी, हे उतरल्या उतरल्या विचारून घ्या. संध्याकाळी गाडी भरायला माणसंच नसतात! पैसे रोख आणि सुटे ठेवा. दिनार भारतात मिळत नाही आणि तिथून बाहेर न्यायलाही बंदी आहे, तेव्हा लागतील तेवढेच बदला.

मोठ्या मशिदीच्या मिनारावरचं घड्याळ जरूर पाहा. आकडे उलट्या क्रमाने, काटेही उलटे फिरतात. का, याच्या कहाण्या प्रत्येकाकडे वेगळ्या. नमाजाच्या वेळी आत डोकावू नका; खांदे-गुडघे झाकलेले असू द्यात.

चौकातल्या कॅफेत बहुतेक पुरुषच दिसतील. बायकांनी बसायला हरकत नसते, पण नजरा वळतात. सोबत कुणी असलं तर बरं. आत शिरताना ‘अस्सलामु अलैकुम’ म्हणा, चार शब्द फ्रेंचचे आले तर उत्तमच. माणसांचे फोटो विचारूनच काढा. रमजानमध्ये मात्र दिवसा चहासुद्धा मिळणं कठीण, पाण्याची बाटली आणि खाऊ बरोबर ठेवा, पण चारचौघांत खाऊ नका.