धंदा सुरू करताय? मग ऑक्टोबरात नको

मी गोव्यात फोंड्याजवळ सोलां, म्हणजे आमसुलं, आणि आगळ, म्हणजे कोकमाचा घट्ट रस, करून विकते, अठरा वर्षं झाली. दर वर्षी गणेश चवथीच्या आसपास कोणीतरी दारात येतं: "ताई, ऑक्टोबरात सीझन सुरू होतोय, किनाऱ्याला गाळा बघितलाय, ॲडव्हान्स देऊ का?" देऊ नका, असं मी सांगते. ऐकणारे थोडेच.

ऑक्टोबरात उघडलेल्या दुकानाचा गल्ला पहिल्या दिवसापासून भरतो आणि माणूस तिथेच फसतो. आज आलेला पर्यटक उद्या विमानात असतो. त्याला माल आवडला की नाही, हे तुम्हाला कधीच कळत नाही. मेअखेर रस्ता ओस पडतो, भाडं मात्र चालूच राहतं, आणि चार महिन्यांत सगळी कमाई त्यात जाते. त्यापेक्षा जूनमध्ये सुरू करा. भर पावसात छत्री सावरत जी बाई तुमच्याकडे येते, ती वर्षभर येते. चुकाही तेव्हाच होऊ द्या, त्या स्वस्तात निभावतात.

आणि गाळा नकोच. आधी बाजारात बसा, म्हापशाला शुक्रवारी किंवा बाणस्तारीला गुरुवारी. सुरुवातीला मी बाटलीभर मोठं रंगीत लेबल लावलं होतं. बाणस्तारीच्या बायका बाटली उजेडाला धरायच्या आणि आतलं दिसत नाही म्हणून खाली ठेवायच्या. लेबल निम्मं केलं, खप वाढला. हे मला कुठल्याही सल्लागाराने सांगितलं नसतं.

आपल्या माणसांचा सीझन वेगळा असतो, हेही बाजारातच कळतं. मे महिन्यात पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची खरेदी होते. मिरच्या, मीठ, सुकी मासळी, सोलां असं पावसाळ्याचं सगळं तेव्हाच घरात भरलं जातं. त्यानंतर चवथ. माझा निम्म्याहून जास्त माल या दोन वेळांना जातो, आणि त्यात पर्यटक जवळजवळ नसतो.

दुसरी चूक माझ्या जिवावर बेतली होती. सातव्या वर्षी किनाऱ्यावरच्या एका हॉटेलाने महिन्याला 200 बाटल्या आगळ मागितलं. मी हरखून गेले. बाजारातल्या जुन्या गिऱ्हाइकांना "पुढच्या आठवड्यात या" म्हणत परत पाठवू लागले. पैसे महिन्याने द्यायचे ठरले होते. दोन महिने आलेही. मग खरेदी बघणारा माणूस बदलला आणि फोनवर एकच उत्तर ऐकू येऊ लागलं: "मॅडम, बिल प्रोसेसमध्ये आहे." तरी मी माल पाठवत राहिले, मोठं गिऱ्हाईक तुटेल या भीतीने. 600 बाटल्यांचे पैसे अडकले.

आमच्या धंद्यात हे फार महागात पडतं. भिरंडं, म्हणजे कोकमाची फळं, पिकतात एप्रिल-मेमध्ये. पाऊस लागला की फळ सडतं आणि सोलां वाळत नाहीत, म्हणजे वर्षाचं भांडवल पाच-सहा आठवड्यांतच घालावं लागतं. त्या एप्रिलात भिरंडं घ्यायला माझ्याकडे पैसे नव्हते. आईच्या पाटल्या गहाण ठेवल्या. हॉटेलाकडून आठ महिन्यांनी निम्मे पैसे आले, बाकीचे बुडाले.

लघुउद्योगांसाठीच्या 2006 च्या कायद्याने लहान उत्पादकाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, नोंदणीही नव्हती. लघुउद्योगाची ही सरकारी नोंदणी, म्हणजे उद्यम नोंदणी, ऑनलाइन होते आणि फुकट होते. ती करून देण्याचे कोणी पैसे मागितले तर उठून या.

आता माझा शिरस्ता असा आहे: एका गिऱ्हाइकाला एकूण मालाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त द्यायचं नाही, पहिल्या तीन खेपा रोख, आणि मागचं बिल भागल्याशिवाय पुढची पेटी गाडीत चढत नाही. यावर रुसून गेलेली हॉटेलं मी जाऊ दिली.

घरखर्च आणि धंद्याचे पैसे एका डब्यात ठेवू नका. पंचायतीचा परवाना आणि एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षेची नोंदणी पहिली बाटली विकण्याआधी करा. पहिल्या वर्षी कर्ज काढू नका. भावाला भागीदार करायचं असेल तर कागदावर करा.

घाई करणाऱ्यांचा मला खरंच राग येतो. सोलां म्हणजे साल रसात बुडवायची, उन्हात वाळवायची, पुन्हा बुडवायची, असं कितीतरी दिवस चालतं. नवशिके एकदा बुडवून पाकिटं भरतात आणि आगळात लिंबूफूल नि रंग घालून गावठी म्हणून विकतात. एकदा तसल्या आगळाची कढी प्यायलेली बाई पुढच्या पुरुमेंताला माझ्याही बाटलीकडे संशयाने बघते. तिला झाकण उघडून चव द्यावी लागते, आणि मी ती देते, रांग कितीही मोठी असो.