मुंबईच्या गच्चीवरून अल्गोलचं ग्रहण कसं बघायचं

जोडतारा म्हटलं की आपल्याकडे सगळे आधी वसिष्ठ-अरुंधतीकडे बोट दाखवतात, दाखवायलाच पाहिजे, पण मुंबईच्या आकाशात वसिष्ठ दिसतो आणि अरुंधती बहुतेक वेळा दिसतच नाही, मग नुसतं "तिथे आहे ती" असं सांगत बसावं लागतं. म्हणून मी लोकांना अल्गोल बघा म्हणतो. ययाती तारकासमूहातला हा तारा दुर्बीण नसताना, साध्या डोळ्यांनी, एका संध्याकाळीत मंद होत जातो. आणि गंमत म्हणजे आपलं घाण आकाश इथे चक्क कामाला येतं! मुंबईबाहेर, अंधाऱ्या आकाशाच्या वांगणीला किंवा कुठल्या गडावर गेलात तर अल्गोल मंद झाला तरी आरामात दिसत राहतो. मुंबईत मात्र तो संध्याकाळी व्यवस्थित दिसत असतो आणि ग्रहणाच्या मध्याला बऱ्याच गच्च्यांवरून अक्षरशः गायब होतो, त्यामुळे पहिल्यांदा बघणाऱ्यालाही फरक कळतो.

हे होतं कसं ते थोडक्यात. अल्गोल म्हणजे एकमेकांभोवती फिरणारे दोन तारे, एक निळसर-पांढरा आणि भयंकर तेजस्वी, दुसरा आकाराने जरा मोठा पण मंद. दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी मंद तारा तेजस्वी ताऱ्याच्या पुढ्यात येतो, त्याचा बराचसा भाग झाकतो, आणि आपल्याला मिळणारा प्रकाश एक तृतीयांशाच्याही खाली जातो. आकड्यांत सांगायचं तर प्रत, म्हणजे ताऱ्याच्या तेजाचा आकडा, २.१ वरून ३.४ वर (आकडा मोठा म्हणजे तारा मंद, ही उलटी भानगड लक्षात ठेवा). दोघांमधलं अंतर इतकं कमी, सूर्य-बुध अंतराच्या साधारण सहावा हिस्सा, आणि आपल्यापासून ते ९० प्रकाशवर्षं लांब, त्यामुळे गच्चीवरच्या कुठल्याही टेलिस्कोपमधून ते दोन वेगळे दिसणार नाहीत. म्हणजे महागडा टेलिस्कोपवाला आणि तुम्ही इथे एकाच लायनीत.

आता शोधायचा कसा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सीझन. नोव्हेंबरात रात्री आठ-नऊला ईशान्येकडे बघा, डिसेंबरच्या शेवटी त्याच वेळी तो उत्तरेला खूप वर, जवळजवळ डोक्यावर असतो. आधी शर्मिष्ठा तारकासमूहाचा इंग्रजी एमसारखा आकार शोधा, मग कृत्तिकांचा पुंजका, तो मुंबईतून धुरकट ठिपक्यासारखा का होईना पण दिसतो. या दोघांच्या साधारण मधे दोन ठळक तारे आहेत, शर्मिष्ठेकडचा मिरफाक आणि कृत्तिकांकडचा अल्गोल. हात लांब करून मूठ धरली की ती आकाशात साधारण १० अंश झाकते, तर या दोन ताऱ्यांमधे एक मूठ जेमतेम बसते आणि अल्गोलपासून कृत्तिका दोन मुठींपेक्षा किंचित कमी. अ‍ॅपवर एकदा खात्री करून घ्या, पण मग फोन खिशात टाका, स्क्रीन बघत राहिलात तर डोळे अंधाराला सरावतच नाहीत.

ग्रहण नसलेल्या रात्री एकदा तरी बघून ठेवा, ही पायरी बहुतेक लोक गाळतात आणि मग "मंद झालाय का नाही?" करत बसतात. नेहमीच्या दिवशी अल्गोल आणि मिरफाक उन्नीस-बीस, मिरफाक थोडा जास्त. शेजारच्या देवयानी तारकासमूहाच्या टोकाचा अलमाक बरोबर अल्गोलएवढा. अल्गोलच्या पूर्वेला एक मूठभर अंतरावर ययातीतलाच एप्सिलॉन नावाचा तारा, प्रत २.९, तो दिसला तर तुमची गच्ची चांगली आहे समजा. बायनॉक्युलर असेल तर अल्गोलच्या अगदी शेजारी, त्याच फील्डमधे, ऱ्हो नावाचा तांबूस तारा दिसेल. ग्रहणाच्या मध्याला अल्गोल उतरून जवळपास त्याच्याच रांगेत येतो.

वेळ काढणं हे खरं काम. स्काय अँड टेलिस्कोप मासिकाच्या साइटवर अल्गोलच्या ग्रहणाच्या वेळा काढून मिळतात, पण जागतिक वेळ दिली असेल तर साडेपाच तास मिळवा, म्हणजे तिथे १६:५० असेल तर आपल्याकडे रात्री १०:२०. तारीख पण बघा, मध्यरात्रीनंतर ती बदलते. एक वेळ हातात आली की पुढचं तोंडी जमतं: दर तिसऱ्या रात्री ग्रहण सव्वातीन तास (नीट मोजलं तर ३ तास ११ मिनिटं) लवकर. आज पहाटे दीडला असेल तर परवा रात्री १०:२०, मग आणखी तीन दिवसांनी संध्याकाळी ७:१० च्या आसपास, त्यानंतरचं दिवसाउजेडी. नोकरदार माणसाला मधलं सोयीचं. आणि ते हुकलं तर रडायचं नाही, २० दिवसांनी पुन्हा येतं, फक्त पावणेदोन तास उशिरा.

समजा मध्य १०:२० ला आहे. साडेसातला गच्चीवर जा, तेव्हा तो नेहमीपेक्षा जेमतेम कमी असतो. एकटक बघू नका, काही कळत नाही, दर अर्ध्या तासाने बघा आणि कागदावर वेळ टाकून लिहा की तो अलमाकपेक्षा कमी, एप्सिलॉनपेक्षा जास्त वगैरे. नऊच्या सुमारास तो एप्सिलॉनच्या बरोबरीला आलेला असतो, आणि दहाला मिरफाकशेजारची जागा रिकामी वाटायला लागते. बारा-साडेबारापर्यंत परत वर चढलेला स्पष्ट दिसतो. पूर्ण ग्रहण दहाएक तासांचं, पण सगळं बघायची गरज नाही. मान दुखू नये म्हणून चटई टाकून आडवे व्हा, पाय उत्तरेला, डोकं दक्षिणेला, म्हणजे आजीची पण हरकत नाही.

१७८२ मधे इंग्लंडच्या यॉर्कमधे जॉन गुडरिक नावाच्या पोराने साधारण हेच केलं, रोज नोंदी ठेवल्या. अठरा वर्षांचा होता, ऐकू येत नव्हतं त्याला. त्याने पुढच्या वर्षी सांगितलं की बहुतेक याच्याभोवती काहीतरी काळोखं फिरतंय, आणि रॉयल सोसायटीने त्याला कॉप्ली मेडल दिलं. तो बरोबर होता हे वर्णपटावरून, म्हणजे ताऱ्याच्या प्रकाशातले रंग वेगळे करून, पक्कं व्हायला १८८९ साल उजाडलं, बिचारा गुडरिक तर एकविसाव्या वर्षीच गेला.

मुंबईतल्या अडचणी तीन. गच्चीची किल्ली, ती सेक्रेटरीकडून दिवसाच मागून ठेवा, आणि वॉचमनला सांगून ठेवा नाहीतर तो टॉर्च मारत वर येतो. दुसरी म्हणजे हॅलोजन, तुमच्या उत्तरेला मेट्रोचं काम किंवा टॉवरची साइट असेल तर पाण्याच्या टाकीच्या आडोशाला बसा. तिसरी धुरकं, दिवाळीनंतरचे काही दिवस तर विसराच. त्रिपुरी पौर्णिमेच्या आजूबाजूच्या दोन-चार रात्रीही सोडा, चंद्र कृत्तिकांपाशीच असतो. मार्च उजाडला की ययाती संध्याकाळी वायव्येकडे कलतो आणि एप्रिलपासून खाली धुरात जातो, मग पाऊस, त्यामुळे बघायचं असेल तर याच थंडीत, जी काही थोडी थंडी आपल्याकडे पडते तिच्यात.