बारसाठी पीएमईजीपी कर्ज: अर्ज परत येत असेल तर

नागपुरात मानेवाडा रोडवर गाळा घेतला, बार अँड रेस्टॉरंटसाठी पीएमईजीपीचा (पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम, म्हणजे नव्या उद्योगाला कर्जावर सरकारी अनुदान देणारी योजना) अर्ज टाकला, परत आला. नाव बदलून 'फॅमिली रेस्टॉरंट' केलं, तरी परत. नंतर कळलं, कोटेशनमध्ये 'बार काउंटर, 8 स्टूल' तसंच राहिलं होतं! चार महिने नुसता डोक्याला ताप.

कारण साधं आहे. दारू देणारं हॉटेल, ढाबा किंवा विक्री केंद्र या योजनेच्या निषिद्ध यादीत आहे. परवाना असला तरी उपयोग नाही. मटण मात्र 2022 पासून चालतं, म्हणून मी बार सोडून सावजी भोजनालय धरलं.

मग नवा अर्ज केला. अर्ज बँकेकडे पाठवणारी एजन्सी जिल्हा उद्योग केंद्र. एनआयसी कोड (व्यवसायाचा प्रकार सांगणारा सरकारी क्रमांक) 56301 (बार) काढून 56101, म्हणजे बार नसलेलं रेस्टॉरंट. कोटेशन नवी घेतली: भट्टी, मसाला वाटायचं ग्राइंडर, डीप फ्रीझर, टेबलं. प्रकल्प अहवालातले आकडे त्यांच्याशी रुपयान् रुपया जुळवले. एकूण 12 लाख; सर्वसाधारण गट, शहरी भाग, म्हणून स्वतःचे 10 टक्के, 1.20 लाख. अनुदान 15 टक्के, 1.80 लाख; पण ते हातात येत नाही, बँकेत 3 वर्षं अडकून राहतं. प्रकल्प 5 लाखांवरचा, म्हणून ईडीपी (उद्योजकता विकास) प्रशिक्षण 10 दिवसांचं, तेही उरकलं.

कर्ज मंजूर झालं. पुढे गुपचूप दारू ठेवायचा विचार असेल तर या वाटेला जाऊ नका, अनुदान जाईल. बारच हवा असेल तर बँकेचं साधं व्यवसाय कर्ज बघा.