जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्या घरीच कशा मढवाव्यात

कोकणात बरेच जण हे काम श्रावणात काढतात, कारण गणपतीत पाहुणे येणार असतात. पण तेव्हा प्लायपासून फोमपर्यंत सगळ्यात ओल असते आणि वर कापड चढवलं की ती आतच राहते. गणपतीसाठी हवं असेल तर मे महिन्यात, वळीव यायच्या आत उरका.

स्क्रू काढा, बैठक वेगळी करा आणि जुनं कापड पिनांसकट उपटा. ‘जुन्यावरच नवं चढवा’ हा सल्ला अजिबात ऐकू नका. जुन्या कापडातली बुरशी पावसाळ्यात वर येते, आणि जाडी वाढल्यामुळे बैठक चौकटीत शिरत नाही. प्लायचे पापुद्रे सुटले असतील तर जुनी फळी मापाला वर ठेवून १२ मिमीच्या मरीन प्लायचा (ओल सोसणाऱ्या प्लायचा) तेवढाच तुकडा कापा. त्यावर आयएस ७१० चा, म्हणजे मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा, शिक्का बघून घ्या. रेग्झिन घालणार असाल तर फळीला आठ-दहा भोकं पाडा, म्हणजे आतली हवा खेळती राहते.

फोम दोन इंची, ४० डेन्सिटीचा (घनतेचा) घ्या. त्याहून हलका लवकर दबतो आणि बसणाऱ्याला फळी टोचते. कापड पॉलिएस्टर मिश्रणाचं, घट्ट विणीचं हवं. जाड सुती कापडावर बुरशी धरते, आणि स्वस्त पीयू (पॉलियुरेथेन) रेग्झिनची साल दमट हवेत सुटते. चारी बाजूंनी चार इंच जास्त ठेवून कापा.

पिनांवर पैसे वाचवू नका. समुद्राजवळच्या घरात साध्या स्टेपल पिना लवकर गंजतात, आणि तो तांबूस डाग कापडात उतरला की धुऊनही जात नाही. स्टेनलेसच्याच घ्या. १२ मिमी प्लायला १० मिमीची पिन पुरते.

आता ताण. कापड पालथं अंथरा, वर फोम, वर फळी. चारी बाजूंच्या मध्यावर एकेक पिन मारा : पुढे, मग समोरासमोर मागे, नंतर डावी-उजवी. तिथून मध्याकडून कोपऱ्याकडे सरका, प्रत्येक वेळी समोरची बाजूही घेत. कोपऱ्याच्या दोन-अडीच इंच अलीकडे थांबा. बैठक सुलटी करून कडेवरून हात फिरवा. पिनेपाशी खळगा आणि दोन पिनांमध्ये फुगवटा लागला तर ताण जास्त झालाय. तेवढ्या पिना काढून पुन्हा मारा. रेघांचं कापड असेल तर पुढच्या कडेशी रेघ सरळ आहे ना, हेही आत्ताच बघायचं.

खरी परीक्षा कोपऱ्यांची. मलाही कित्येक दिवस हेच जमत नव्हतं, कारण मी दोन्हीकडचं कापड एकदमच गोळा करत होतो. चौकोनी कोपऱ्यात आधी पुढचं कापड कोपऱ्यावरून बाजूला वळवा आणि फळीखाली एक पिन मारून पक्कं करा. मग बाजूचं कापड आत दुमडा, दुमडीची कड कोपऱ्याच्या रेषेवर आणा आणि खाली ओढून पिना मारा. घडी बाजूला राहते, समोरून कोपरा कोरा दिसतो. घडीच्या पोटातलं जास्तीचं कापड अर्धा इंच ठेवून कापूनच टाका. लोक कात्री लावायला घाबरतात, आणि तोच गठ्ठा नंतर बैठक वर उचलून धरतो.

गोल कोपऱ्याला ही घडी चालत नाही. तिथे कापडाचं टोक फळीच्या मध्याकडे तिरकं ओढून एक पिन मारा, मग तिच्या दोन्ही अंगांना आलटूनपालटून बारीक चुण्या घ्या. चुण्या खालच्या बाजूलाच राहिल्या पाहिजेत; कडेवर एखादी दिसली तर ती उकलून तिच्या दोन करा.

वर राहिलेल्या पिना हातोडीने ठोका. खाली पातळ काळं कापड लावा, प्लास्टिक नको, त्याखाली घाम धरतो. स्क्रूची भोकं टोच्याने मोकळी करा. चारही स्क्रू आधी हाताने अर्धे फिरवा आणि बैठक नीट बसल्यावरच आवळा.